कुलपं मोजण्यापासून सुरुवात: पाड्यावर राहती माणसं कशी आणायची

नाशिक जिल्ह्यात माणसं कमी होतायत असं शहरातल्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर उभं राहून कुणाला सांगितलं, तर तो तुमच्याकडे पाहून हसेल. २००१ ला जिल्ह्याची लोकसंख्या ४९ लाख ९३ हजार होती, २०११ ला ६१ लाख ७ हजार झाली. एकट्या शहरात तेव्हाच पंधरा लाखांना टेकतील इतकी माणसं होती. पण तिथूनच पेठची गाडी धरा, सावळघाट ओलांडा आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या दुपारी रस्त्याकडेच्या कुठल्याही पाड्यात उतरा. ओट्यावर दोन म्हातारी, एक कुत्रं, आणि रांगेत चार दारांना कुलपं. बाकीचं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत, नाहीतर शहरातल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळच्या खोलीत.

जनगणनेच्या आकड्यात हे नीट दिसत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचं दिसलं, कारण २००१ ते २०११ मध्ये त्या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. आपल्याकडे शहर फुगतं आणि त्याच्या पोटात पाडे झाकले जातात. त्यात माणसं मोजायची वेळ येते फेब्रुवारीत, आणि फेब्रुवारीत आमची माणसं बागेत असतात.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पश्चिम पट्ट्यातल्या ज्या लोकांना वाटतं की गावात पुन्हा चार चुली वाढाव्यात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नव्याने निवडून आलेले सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, तरुण मंडळातली मुलं, गावाकडे येऊ पाहणारे नाशिककर, असे सगळेच यात आले. आम्ही काही वर्षं हे करतोय. जमलं थोडं, फसलं जास्त. तरी क्रम काय असावा हे आता कळलंय.

पायरी पहिली: वही घ्या आणि कुलपं मोजा

"गावातली निम्मी माणसं गेली" असं म्हणणाऱ्याने घरं मोजलेली नसतात. मोजायला लागलं की कळतं, प्रत्येक कुलूप वेगळं असतं.

वर्षातून चार वेळा मोजा. आम्ही १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी आणि १ मे धरतो, कारण त्या सुमाराला ग्रामसभा असतात आणि आकडा तिथेच वाचून दाखवता येतो. ऑगस्टात आवणी (भाताची लावणी) आटोपलेली, सगळे घरात; जानेवारीत पाडा ओस. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं हंगामी स्थलांतर. ऑगस्टातही जी कुलपं उघडत नाहीत, ती खरी गेलेली घरं.

वहीत प्रत्येक बंद घरापुढे पाच गोष्टी लिहा: किल्ली कुणाकडे, मालकाचा फोन, छप्पर शाबूत आहे का, विजेचं मीटर चालू की कापलेलं, घरपट्टी भरलेली की थकलेली. हा शेवटचा रकाना फार बोलका असतो. घर बंद ठेवूनही जो माणूस दरवर्षी घरपट्टी भरतो, त्याचा जीव अजून गावात आहे. त्यालाच पहिला फोन करायचा.

काही कुलपं भावकीच्या वादाची असतात. चार भाऊ, तिघांचं एकमत, चौथा मुंबईला आणि फोन उचलत नाही. अशा घरात सुरुवातीला अजिबात हात घालू नका. आमचे सहा महिने अशाच एका घरात गेले आणि शेवटी हाती काय आलं, तर दोन्ही बाजूंचा राग.

आणखी एक प्रकार इगतपुरी, त्र्यंबक आणि गंगापूर धरणाच्या बाजूला भरपूर भेटेल: शनिवारी उघडणारी घरं. झाडांच्या रांगा, मोठं फाटक, आत पोहण्याचा तलाव, राखणदार परगावचा. शनिवारी रात्री लख्ख उजेड, सोमवारी काळोख. तुमच्या मोजणीत ही घरं धरू नका. घरपट्टी वाढते हे खरं, पण त्या घरातलं पोर शाळेत येत नाही, आणि मयतीला खांदा द्यायलाही त्यातून कुणी येत नाही.

पायरी दुसरी: का गेलात, ते विचारा

इथे गावातल्या पुढाऱ्यांची एक खोड आडवी येते. कारण त्यांना आधीच माहीत असतं: "काम नाही म्हणून गेले." अर्धं खरं आहे ते. पण उरलेलं अर्धं बायकांना विचारल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडे एक कुटुंब सातपूरला गेलं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, कंपनीत लागलो. बायकोला निवांत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, मार्चपासून पहाटे तीनला विहिरीवर बसायचं. आणि पोरगी सातवी झाली, पुढं कुठं धाडायची?" कंपनी नंतर आली, पाणी आणि आठवी आधी.

म्हणून जे गेले त्यांच्या नाशिकच्या खोलीवर जाऊन चहा प्या आणि नवरा-बायकोला वेगवेगळं विचारा. उत्तरं साधारण याच कप्प्यांत पडतात: उन्हाळ्यातलं पाणी, सातवीनंतरची शाळा, बाळंतपणाच्या वेळी गाडी न मिळणं, कर्ज किंवा मुकादमाची उचल, आणि घरातली भांडणं. पाचव्याचं आपल्याला काही करता येत नाही. पहिल्या चारांपैकी ज्याला सर्वांत जास्त बोटं येतील, ते काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात सर्वांत वर घाला. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागाच्या पंचायत कायद्याखालच्या ग्रामपंचायतीला पाच टक्के अबंध (कामाचं बंधन न घातलेला) निधी मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. बहुतेक ठिकाणी तो कमानीवर आणि पेव्हर ब्लॉकवर जातो. कमान बघून कुणी परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पाण्याबद्दल एक वाक्य जास्त लिहितो. पेठ-सुरगाण्यात पाऊस बक्कळ पडतो. दमणगंगा, नार, पार भरून वाहतात आणि सगळं पाणी उताराने गुजरातकडे निघून जातं. उन्हाळ्यात त्याच डोंगरावर टँकर. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. गावात नळ बसला एवढ्यावर खूश होऊ नका, एप्रिलमध्ये त्याला पाणी येतं का ते बघा. नवीन माणूस घर बघायला बोलवायचा असेल तर तोही एप्रिलमध्येच बोलवा. श्रावणात आमचं गाव कुणालाही आवडतं!

पायरी तिसरी: कुणाला आणायचं, त्याचा क्रम लावा

इथे बहुतेकांची गाडी चुकते. "नवीन रहिवासी" म्हटलं की डोळ्यांसमोर लॅपटॉपवाला पुणेकर येतो. तो यादीत शेवटी आहे.

सर्वांत आधी, जो अजून गेलेला नाही तो. दिवाळीनंतर आठ घरं जात असतील आणि पुढच्या वर्षी सहा गेली, तर दोन कुटुंबं तुम्ही "आणली". याचा साधा उपाय म्हणजे निदान मुलं आणि म्हातारी गावात थांबतील असं बघणं. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी समग्र शिक्षामधून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. जेवणखाण शाळेच्या आधाराने होतं आणि पोरांचं वर्ष बुडत नाही. त्यासाठी मुख्याध्यापकांना ऑक्टोबरच्या आत जाणाऱ्या मुलांची यादी द्या. नोव्हेंबरात दिली तर पोरं आधीच ट्रॅक्टरमध्ये बसलेली असतात.

दुसऱ्या नंबरवर अप-डाउनवाले. हा मुद्दा आम्हाला उशिरा सुचला, आणि आता वाटतं की इथूनच सुरू करायला हवं होतं. शिक्षक, आरोग्यसेविका, वायरमन, वनरक्षक, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब: यांची नोकरी आपल्या गावात आणि घर नाशिकला. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही मागतात, आणि तो ठराव आपण कसा देतो हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. पण त्यांना नुसता दोष देऊन भागत नाही. मी एका मॅडमना विचारलं, "राहाल का गावात?" त्या म्हणाल्या, "सर, बाथरूमला आतून कडी लागणारी एक खोली दाखवा, उद्या सामान आणते." सगळा पाडा फिरलो. नव्हती. त्या दिवशी फार ओशाळलो.

शिक्षक गावात राहिला की शाळा साडेदहाला खरंच भरते, संध्याकाळी पोरं दाराशी येऊन बसतात आणि त्यांचं स्वतःचं मूलही याच शाळेत येतं. आरोग्यसेविका गावात राहिली तर बाळंतपणाची भीती अर्ध्यावर येते. म्हणजे एक माणूस आला तरी चार घरं जायची थांबतात. इतका फायदा दुसऱ्या कुणाचाच नाही.

तिसरे आपलेच, पंधरा-वीस वर्षांपूर्वी गेलेले. अंबडच्या कंपनीत कंत्राटावर राबून पाठ धरलेली, पोरं मोठी झालेली, खोलीचं भाडं डोईजड झालेलं. यांना गाव माहीत आहे, भाषा माहीत आहे, डोंगऱ्या देवाला नाचता येतं. लाज मात्र वाटते. शहरातून परतलं की हरून आला म्हणतात. ही लाज घालवायचं काम गावाचं. परत आलेल्या पहिल्या माणसाला आम्ही बोहाड्याच्या, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवाच्या वेळी सोंगांच्या तयारीची जबाबदारी दिली. त्याला पगार नव्हता, पण मान होता.

त्यानंतर बाहेरचे. त्यातही एकटा माणूस आणि लहान मुलांचं कुटुंब असा पर्याय असेल तर कुटुंब निवडा.

पैसे देऊन माणसं आणता येतील का, असं कुणीतरी विचारतंच, कारण मोबाइलवर इटलीतल्या एक युरोच्या घराची रील सगळ्यांनी पाहिलेली असते. सिसिलीतल्या सांबुका गावाने २०१९ ला खरोखर तशी घरं काढली. पण घर एक युरोला मिळतं ते पडकं असतं, आणि ठरलेल्या मुदतीत ते दुरुस्त करायची अट असते. खर्च तिथे होतो. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत ९० लाखांच्या घरात रिकामी घरं निघाली. त्याच वर्षापासून टोकियो सोडून खेड्यात जाणाऱ्या कुटुंबाला दर मुलामागे दहा लाख येनपर्यंत मदत वाढवली, तरी टोकियोकडचा ओघ थांबलेला नाही. त्याच जपानात शिमाने प्रांतातल्या आमा नावाच्या बेटावरच्या गावाने वेगळी वाट धरली. त्यांचं हायस्कूल बंद पडायला आलं होतं. त्यांनी देशभरातल्या मुलांना तिथे येऊन शिकायचं आमंत्रण दिलं आणि शाळा टिकवली. आपल्या ग्रामपंचायतीकडे दहा लाख येन नाहीत. शाळा आहे.

पायरी चौथी: एक घर, फक्त एक

दहा घरांची योजना करू नका. एक घर तयार करा. शक्य असेल तर पहिलं घर ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या मालकीचं घ्या. कर्मचारी निवासस्थान मोडकळीला आलेलं असतं, वापराविना पडलेली खोली असते. खासगी घरापेक्षा कटकट कमी.

घर तयार आहे म्हणजे काय, याची आमची यादी ठेच लागून बनली आहे. मुंबईचं एक जोडपं आलं होतं, मे महिन्यात. घर छान, कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं, फोटो काढून त्यांचं मन भरत नव्हतं. १५ जूनला कौलांतून तीन ठिकाणी धार लागली. आम्ही म्हणालो, भांडं ठेवा, उद्या कौलं चाळू. 'उद्या' आठवड्याने उजाडला, कारण पेरणीत कोण मोकळा असतो? जुलैत ते गेले. चूक शंभर टक्के आमची होती.

तेव्हापासून नियम असा: कौलं मे महिन्यात चाळून घ्यायची, पन्हळ बसवायची, आणि छपरावर पाणी ओतून बघायचं. संडास घराला लागून हवा, रात्री टॉर्च घेऊन शेतात जायला लागू नये. न्हाणीला आतून कडी. विजेचं मीटर चालू आणि मागचं बिल शून्य. जोत्याची भोकं बुजवलेली, कारण पावसाळ्यात साप उबेला घरात येतो. यात कुणाचा दोष नाही, पण आधी सांगा. आणि मोबाइलची रेंज घरात कुठे येते ते भिंतीवर खडूने लिहा. आमच्या एका घरात ती फक्त चुलीजवळच्या खिडकीत येते.

आता घरमालकाची भीती. "घर दिलं की कूळ लागतं." हे वाक्य तुम्हाला प्रत्येक ओट्यावर ऐकू येईल, आणि त्यामागे १९४८ च्या कूळकायद्याची खरी आठवण आहे. पण तो कायदा शेतजमीन कसण्याबद्दल आहे. राहत्या खोलीचा लिव्ह अँड लायसन्स करार केला, मुदत लिहिली आणि नोंदवला, तर कूळ लागत नाही. अकरा महिन्यांचा करार करा, नोंदणी टाळू नका, घरपट्टी मालकाच्याच नावाने चालू ठेवा. दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि तो भाड्यातून कसा वळता होणार, हे मराठीत सरळ लिहा. झाडावरचे आंबे कुणाचे हेही लिहा. हसू नका, आमच्याकडे पहिलं भांडण त्यावरूनच झालं.

मालक आदिवासी आणि राहणारा बिगर आदिवासी असेल, तर करार करण्याआधी तहसील कार्यालयात विचारून घ्या. खोली वापरायला देणं वेगळं आणि जमीन भाडेपट्ट्याने देणं वेगळं. दुसऱ्याला परवानगी लागते, आणि कागदावरच्या एका चुकीच्या शब्दाने पहिल्याचं दुसरं होतं.

पायरी पाचवी: जमिनीचा विषय निघाला की थांबा

बाहेरचा माणूस आठ दिवस राहिला की विचारतो, "दादा, इथे दोन-चार गुंठे मिळतील का?" त्याला वाईट हेतू असतोच असं नाही. पण उत्तर आधीच ठरलेलं असावं.

पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबक, बागलाण यांचा काही भाग आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा अशा कुठल्याही वाटेने परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. आणि जमीन आदिवासीची नसली, तरी शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. "साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र करू, नाव नंतर लावू" असं सांगणारा दलाल गावात दिसला की त्याला चहासुद्धा पाजू नका. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय तसे त्र्यंबकच्या बाजूला हे लोक वाढलेत.

सातबारा, आठ-अ, फेरफार हे नव्या माणसाला समजावून सांगा, पण राहायला यापैकी काहीही लागत नाही हेही सांगा. तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, बोलताना सगळे तलाठीच म्हणतात.

माणसं परत आणण्यात महाराष्ट्रात ज्या गावाचं नाव सर्वांत आधी निघतं ते आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या काळात तिथे पाणलोटाची कामं झाली, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी आली, आणि मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परतली. त्याच गावाने बाहेरच्यांना जमीन विकायची नाही असंही ठरवलं. ज्याला माणसं हवी होती त्याने जमीन राखली. माझ्या मते या दोन गोष्टी एकच आहेत: जमीन विकली गेली की परतणाऱ्याला परतायला जागाच उरत नाही.

पायरी सहावी: ३० सप्टेंबर

ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मिळणार, ती ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार २०२३ मध्ये शासनाने मांडला, तेव्हा आमच्या पट्ट्यात सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे, पण पावसाळ्यात ओहोळापलीकडचा एक किलोमीटर म्हणजे काय, हे पोरालाच विचारा.

अठरा मुलांच्या शाळेत दोन मुलांचं एक कुटुंब आलं तर पट वीस होतो. म्हणून नवीन कुटुंब आणायचं असेल तर जूनमध्ये, फार तर जुलैत आणा. दाखला, आधार, पटावर नाव हे सगळं सप्टेंबरआधी व्हायला हवं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार जुळत नाही म्हणून एक मूल पटावर असूनही मोजलं न गेल्याचा अनुभव आमच्याकडे आहे.

पायरी सातवी: पोटाचं काय

नव्या माणसाला पहिल्या दोन वर्षांत शेतीवर जगता येईल असं चुकूनही सांगू नका. आम्हालाच येत नाही. भात, नागली, वरई, खुरासणी घरापुरती होते. रब्बीला पाणी असेल तर भाजी निघते. सुरगाण्यात सापुताऱ्याच्या बाजूला काहींनी स्ट्रॉबेरीत चांगला जम बसवलाय, पण त्यांनी आधी बऱ्याच वर्षांचं नुकसान पचवलंय.

जो येईल त्याने आपली रोजी बरोबर आणावी किंवा गावात ज्याची उणीव आहे ते काम धरावं. उणिवेची यादी करा. आमची अशी निघाली: मोटार रिवाइंडिंग, दुचाकी दुरुस्ती, शिवणकाम, दळण, सातबाऱ्यापासून दाखल्यापर्यंतची ऑनलाइन कामं, आणि रात्री-बेरात्री नाशिकला नेणारी गाडी. यातलं शेवटचं काम करणारा माणूस आम्हाला मिळाला. आपलाच, अंबडहून परतलेला. रात्री त्याची जीप दारात उभी असते एवढ्यावर दोन म्हातारी पोरांकडे राहायला जायची थांबली.

घरून संगणकावर काम करणारा येणार असेल तर त्याला एका कामाच्या दिवशी बोलवा आणि दुपारभर काम करू द्या. वीज जाईल, रेंज जाईल. त्यानंतरही हसत असेल तर पुढचं बोला.

पायरी आठवी: जाहिरात खरी लिहा

"निसर्गाच्या कुशीत" हे शब्द दिसले की शनिवारवाले येतात. आम्ही जे लिहिलं ते जवळजवळ असं होतं:

"दोन खोल्या, कौलारू, संडास-न्हाणी लागून. नाशिकपासून एसटीने साधारण दोन तास, गाड्या मोजक्या, एक मुक्कामी. पाऊस चार महिने, कपडे वाळत नाहीत. एप्रिल-मे मध्ये पाणी एक दिवसाआड. रेंज एका खिडकीत. शाळा चौथीपर्यंत. जमीन विकत मिळणार नाही. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला भाड्यात सवलत. आधी एप्रिलमध्ये चार दिवस राहून जावं."

फोन कमी आले. पण जे आले त्यांच्याशी बोलताना काही लपवावं लागलं नाही. ही चिठ्ठी आम्ही सातपूर-अंबडमधल्या आमच्या माणसांच्या गटावर, शिक्षकांच्या गटावर आणि गिरणाऱ्याच्या बाजारात ओळखीच्या टपरीवर लावली. गिरणाऱ्याला का, तर सकाळी मजुरीसाठी आमचीच माणसं तिथे जमतात.

पायरी नववी: पहिलं वर्ष

नव्या घरासाठी एक सोबतीचं घर नेमा. त्यातली बाई बोलकी असावी, बाकी काही अट नाही. गॅस संपला, ताप आला, चुलीत लाकूड पेटत नाही, दारात कुणी पिऊन आला, अशा वेळी पहिली हाक कुठे मारायची हे नव्याला माहीत हवं.

भाषेचं बघा. आमच्याकडे घरात कोकणा बोली चालते. शाळेतली मराठी वेगळी. नवा माणूस पहिले दोन महिने अर्धं ऐकतो आणि अर्ध्याचा गैरसमज करून घेतो. "येशील काय?" असं साठ वर्षांच्या पाहुण्याला कुणी विचारलं तर त्यात अपमान नाही, हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं. आणि त्यानेही पहिल्याच ग्रामसभेत गावाने काय करायला हवं यावर भाषण देऊ नये. वर्षभर ऐकावं, आवणीला एक दिवस चिखलात उतरावं. काम जमणार नाहीच, सगळे खदखदून हसतील, आणि त्या हसण्यानंतर त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.

मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड आणि गॅस हे सहा महिन्यांनी काढा, घाईने नको. निवडणूक तोंडावर असताना तर मुळीच नको. तो कुणाचा माणूस म्हणून आलाय याची चर्चा सुरू होते आणि वर्षभराचं काम एका आठवड्यात वाहून जातं.

पायरी दहावी: जातील तेव्हा

काही जातीलच. अनामत रक्कम त्याच दिवशी परत द्या, सामान चढवायला पोरं पाठवा, आणि गाडी सुटायच्या आधी विचारा: काय कमी पडलं? जे सांगतील ते वहीत, कुलपांच्या पानामागे, तारखेसह लिहा. वाद घालू नका. आमच्या वहीत त्या पानावर पाच नोंदी आहेत: गळकं छप्पर, एकटेपणा, सासूचं आजारपण, मुलाची पाचवी, आणि एकात नुसतं "कारण सांगितलं नाही" असं लिहिलंय.

मग घर झाडून घ्या, मीटरचा आकडा टिपा आणि किल्ली ग्रामपंचायतीतल्या खिळ्याला अडकवा. मे महिना असेल तर जाता जाता कौलंही चाळून टाका.